दोन नंबरचं फाटक

३ एप्रिल

आज नोकरीचा पहिला दिवस. गणवेश खांद्यात इतका घट्ट की सलाम ठोकायला हात वर केला तर बगलेत उसवणार. मुकादमाला तसं सांगितलं तर म्हणाला, "सलाम कुणाला ठोकायचाच नाहीये. फक्त अडवायचं."

सतरा वर्षं मी लहान मुलांना पोहायला शिकवलं. साथ आली आणि तलाव पहिल्याच आठवड्यात बंद झाला. व्यवस्थापकाने फोनवर सांगितलं, पाणी सोडून दिलंय, तुम्हीही दुसरं काही बघा. म्हणून आता मी या मोठ्या इस्पितळाच्या दोन नंबरच्या फाटकावर. एक नंबरमधून रुग्णवाहिका आत येतात, तीन नंबरमधून शववाहिका बाहेर जातात. दोन नंबरवर नातेवाईक. नियम एकच: आजारी माणूस आत, बाकी सगळे बाहेर. डबा नाही, पिशवी नाही, निरोप नाही.

जोडीला मामा आहे. माझा मामा नव्हे, इथल्या सगळ्यांचाच. साठीला टेकलाय, आधी ट्रक चालवायचा. त्याने काठी हातात दिली आणि मी ती कशी धरतो ते बघून हसला. "सर, ही बुडणाऱ्यापुढे करायची काठी नाही. अशी पुढे केलीत तर लोक धरून ओढतील."

ड्यूटीची नोंदवही वेगळी असते. तिच्यात वेळ, घटना, सही. बाकीचं लिहायला भिंगरीने तिची कोरी वही दिली आहे. शाळा बंद, वह्या पडून. भिंगरी म्हणजे आमची लेक, नऊ वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकली तर आम्ही तिचा ताप बघतो.

६ एप्रिल

आज पहिला मार खाल्ला.

तिघे भाऊ होते. वडील चौथ्या मजल्यावर. सकाळपासून तिघे शहाण्यासारखे भिंतीच्या सावलीत बसलेले. अकराच्या सुमाराला थोरल्याच्या फोनवर काहीतरी आलं आणि तिघे एकदम उठले. मी हात जोडून पुढे झालो. "दादा, आत सोडता येत नाही हो, मला पण वाईट..." एवढंच बोललो. थोरल्याने डोकं मारलं. हाताने नाही, डोक्याने, थेट तोंडावर. खालचा ओठ दातावर फाटला. मास्कच्या आत गरम रक्त साठलं, ते गिळावं की थुंकावं कळेना. मधल्याने पोटात लाथ घातली. धाकटा रडत होता आणि रडता रडताच माझ्या पाठीत बुक्के घालत होता.

मामाने त्यांच्या पोटऱ्यांवर दोन-दोन काठ्या हाणल्या तेव्हा ते हटले आणि तिथेच रस्त्यावर बसले. वडील गेले होते.

"तुम्ही हात का नाही उचलला?" मामाने नंतर विचारलं.

"त्यांचे वडील गेले हो, मामा."

"रोज कुणाचे ना कुणाचे जाणार. रोज नवा ओठ कुठून आणणार तुम्ही?"

टाके पडले. मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या सगळ्या नर्सांच्या प्रमुख, म्हणाल्या, "चार दिवस हसू नका." म्हटलं, हसवणारं आहे कोण इथे?

११ एप्रिल

घरची व्यवस्था लागली. मी बाहेरच्या खोलीत, बायको आणि भिंगरी आतल्या खोलीत. मी फाटकावरून रोग घेऊन येऊ नये म्हणून. माझं ताट बायको उंबऱ्यावर ठेवते, मागे सरते, मग मी उचलतो. भिंगरी दारातून हात हलवते, नाचून दाखवते.

बायको वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेते. आता घरूनच, कानाला हेडफोन लावून. दिवसभर लोक तिला शिव्या घालतात आणि ती गोड आवाजात म्हणते, "आपली गैरसोय मी समजू शकते, सर." भिंगरी तिची हुबेहूब नक्कल करते. काल मी भिंतीपलीकडून ओरडलो, चहा हवाय. आतून भिंगरी म्हणाली, "आपली गैरसोय मी समजू शकते, सर." टाके विसरून हसलो. दुखलं.

१९ एप्रिल

एका बाईचा नवरा सकाळी गेला आणि दुपारी तिच्या वस्तीतली पंचवीस-तीस माणसं आली. गज, दगड, एकाच्या हातात खुर्चीचा पाय. फाटकाचं कुलूप पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही. आम्ही दोघे त्यांच्यामागून आत धावलो.

खालच्या मजल्यावर चौकशीच्या खिडकीपाशी नवी डॉक्टर मुलगी उभी होती. तिचा त्या रुग्णाशी संबंधही नव्हता. एकाने तिचे केस धरले आणि तिचं डोकं खिडकीवर आपटलं. काच फुटली नाही. त्याने पुन्हा आपटलं. तेव्हा फुटली. तिने आधाराला हात घातला तो सरळ काचेत. मनगटापासून तळव्यापर्यंत उघडा पडला हात. आवाज नाही तिचा, काही नाही. नुसती बघत होती हाताकडे.

मी मारलं. पहिला फटका त्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीवर. तो बसला. दुसरा खांद्यावर. तो आडवा झाला. आडवा झाल्यावर आणखी तीन की चार. मामाने कंबरेला मिठी मारून मला मागे ओढलं.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. दोन आठवडे छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. घरी येऊन मी दुप्पट जेवलो आणि लहान मुलासारखा झोपलो.

२ मे

मामाचा डोळा गेला.

मी पाणी प्यायला आत गेलो होतो. दोन मिनिटं. बाहेर आलो तर मामा फाटकाच्या खांबाला टेकून बसलेला, तोंडावर दोन्ही हात, बोटांमधून रक्त. पायाशी अर्धी वीट. "सर, कुणी दिवे घालवले?" असं विचारत होता. दुपारचे बारा वाजले होते.

मी त्याचे हात बाजूला केले. करायला नको होते. डाव्या बाजूला डोळा असतो तिथे डोळ्यासारखं काही नव्हतं.

वीट कुणी मारली कुणी सांगेना. समोर शंभर माणसं, आणि एकालाही काही दिसलं नाही. एक बाई तेवढी पुटपुटली, निळा शर्ट होता.

दोन मिनिटं. तहान आवरता आली असती.

४ मे

आज निळ्या शर्टाचा एक जण फाटकापाशी आला. मी हटकलं तर तो गोंधळला आणि वळून पळाला. पन्नास पावलांवर पकडला. कॉलर धरून भिंतीवर आपटला, नाक फुटेपर्यंत. नंतर मुकादम म्हणाला की तो औषधांच्या दुकानातला माणूस, आत पोचवलेल्या औषधांच्या पावत्या घ्यायला आला होता. असेल. पण मग पळायचं कशाला? ज्याच्या मनात काही नाही तो माणूस पळतो का?

९ मे

आज जेवताना ताट हातातून सुटलं. समोरच्या भिंतीवर लागलं आणि गिलावा उडाला. जेवण गार होतं, तेवढंच बोललो होतो मी. बारा तास उभं राहून घरी यावं आणि गार जेवावं, असं कुणाला आवडेल?

एक चांगलं झालंय. बायको आताशा वाद घालत नाही. आधी माझ्या एका वाक्याला तिची चार असायची. आज शांतपणे सगळं गोळा केलं, भिंत पुसली आणि म्हणाली, "समजू शकते मी. पुढच्या वेळी काळजी घेईन." साथीने माणसं समजूतदार होताहेत.

भिंगरीही शिस्तीला लागली आहे. माझी किल्ली कुलपात फिरली की धावत आतल्या खोलीत जाते आणि स्वतःच कडी लावते. सांगावं लागत नाही. अंतर पाळायचं म्हणजे पाळायचं.

१६ मे

एक रंगारी सहा दिवस झाले रोज येतोय. घरं रंगवतो. नखांत पांढरा रंग, कानाच्या पाळीवरही एक ठिपका. त्याच्या आईला रुग्णवाहिकेतून घाईघाईत आणलं आणि तिचा चष्मा घरीच राहिला. तो चष्मा आत पोचवा, एवढंच त्याचं मागणं.

"तिला त्याच्याशिवाय काही दिसत नाही हो भाऊ," म्हणतो. "आत सगळे पांढऱ्या झग्यात, तोंड झाकलेले. तिला वाटत असेल, आपण मेलोच. चष्मा असला तर निदान डोळे तरी दिसतील लोकांचे."

वस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम आहे. मी सहा दिवस तेच सांगतोय. चष्म्याने काय बिघडतं ते मलाही माहीत नाही. पण आज चष्मा घेतला तर उद्या उशी, परवा माणूस. आणि तो हळू आवाजात बोलतो त्याने माझं डोकं जास्त फिरतं. ओरडणारा बरा. त्याला काय करायचं ते कळतं.

१७ मे

रंगारी भिंत चढून आत आला. जनरेटरच्या बाजूला भिंत ठेंगणी आहे, आणि शिडीवर चढण्याची सवय असलेला माणूस तो. उडी मारून उतरला तो माझ्यासमोर.

"थांब," म्हटलं. थांबला. दोन्ही हात वर केले. मग एक हात खाली घेऊन शर्टाच्या खिशाकडे नेला. खिशात हात घालणाऱ्याला सोडायचं नाही हे मी मामाच्या डोळ्यानंतर ठरवलं होतं.

काठी त्याच्या उजव्या हातावर बसली, कोपराच्या खाली. हात वाकायचा नाही तिथे वाकला. तो ओरडला नाही, "अगं आई" एवढंच म्हणाला आणि गुडघ्यांवर आला. मग बरगड्यांवर. मग पाठीवर. तो जमिनीवर गोल झाला, पोटाशी काहीतरी धरून, तर ते काय आहे ते सोडवायला मी त्याच्या हाताच्या पंज्यावर बुटाची टाच ठेवली. किती मारले ते मोजले नाहीत. काठीला चीर गेली तेव्हा थांबलो.

एरवी फाटकापलीकडे नुसता कालवा असतो. आज दोनशे माणसं गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. चांगला वचक बसला.

नोंदवहीत लिहिलं: घुसखोर, जवळ चाकू, योग्य बळाचा वापर. मुकादमाने पाठ थोपटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी झाली होती, दोन नंबरवर चाकूवाला पकडला म्हणून.

१९ मे

मोठ्या सिस्टर आज फाटकावर आल्या. एरवी येत नाहीत. म्हणाल्या, "त्या रंगाऱ्याची आई परवा संध्याकाळीच गेली. तेव्हा तो तिच्या दोनच मजले खाली होता. हाताला प्लास्टर घालत होते."

मी म्हटलं, "वाईट झालं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मास्क असला की माणसाचं तोंड वाचता येत नाही. थकल्या असाव्यात.

"झोप लागते तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"एकदम छान," म्हटलं. हे अगदी खरं नव्हतं. डोळे मिटले की हात आपोआप वळतो, मुठीत काहीतरी असल्यासारखा. सकाळी उठतो तेव्हा तळव्यात नखांचे वळ असतात.

२४ मे

भिंगरीची तब्येत ठीक नाही. आज मी स्वयंपाकघरात वरच्या फळीवरची बरणी काढायला हात वर केला. ती आतल्या खोलीतून येऊन मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. वळून बघतो तर तिने उभ्या उभ्या फ्रॉक ओला केलेला. नऊ वर्षांच्या मुलीने! पायांवरून ओघळ वाहत होते आणि ती हलत नव्हती. ही मुलगी, जी हलायची थांबत नाही.

मी बायकोला म्हटलं, हिला लघवीचा काहीतरी त्रास झालाय, डॉक्टरला दाखवायला हवं. बायको म्हणाली, "हो. दाखवू या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "काही दिवस हिला घेऊन माझ्या भावाकडे जाऊ का? तिथे मोकळी जागा आहे."

साथीत कुठे हिंडायचं, म्हणून मी नाही म्हटलं.

१ जून

सकाळी इस्पितळाने पत्रक काढलं: फाटकावरच्या लोकांना आता घरात वेगळं राहायची गरज नाही. माझी तपासणी झाली, काही निघालं नाही. कागद खिशात घालून मी जवळजवळ पळत घरी आलो. दोन महिन्यांनी लेकीला जवळ घेणार होतो.

आतल्या खोलीचं दार बंद. वाजवलं. "उघडा. कागद मिळालाय. संपलं ते सगळं."

आतून बायको म्हणाली, "बरं झालं. पण अजून चार दिवस राहू दे असंच."

"चार दिवस कशाला? हा बघ ना कागद."

"मी फोनवर आहे. नंतर बोलू या, चालेल?" तोच गोड आवाज, गिऱ्हाइकाचा.

मी दाराखालून कागद सरकवला. तो तसाच पडून राहिला. उचललासुद्धा नाही कुणी. मग माझं डोकं सटकलं. माझ्या घरात, मला, कडी! दिवसभर मी लोकांना दाराबाहेर ठेवतो आणि घरी आलो की मलाच दाराबाहेर! खांदा लावला. दुसऱ्या धडकेला कडी चौकटीतून उपटून आली.

बायको पलंगापाशी उभी होती. कानाला हेडफोन. म्हणाली, "सर, एक मिनिट थांबता का लाइनवर?" ते मला नव्हतं, फोनवरच्या माणसाला होतं. मग मला म्हणाली, "पुढे येऊ नका."

झटापट झाली. तिचा तोल गेला आणि तोंड पलंगाच्या कडेला लागलं. रक्त आलं थोडं. हेडफोन जमिनीवर पडला आणि त्यातून कुणीतरी ओरडत होतं, "हॅलो! अहो बाई, काय झालं? हॅलो!" मी त्यावर पाय दिला.

भिंगरी दिसली नाही. न्हाणीघरात असावी.

२ जून

घर रिकामं. दोन बॅगा नाहीत. भिंगरीचे बूट नाहीत. मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, "आल्यात दोघी. ताई म्हणते, घाईत पडली म्हणून लागलं." आणि ठेवून दिला.

बायकांना घाबरायला कारण लागत नाही.

५ जून

आज एका म्हाताऱ्याने फाटकाचा गज धरला. बाकी काही नाही, नुसता धरला, उभं राहायला आधार म्हणून. मी काठी उचलली. मला आठवतं, मी त्याची बोटं बघत होतो आणि मनात आलं, चारही एका फटक्यात जातील.

काठी वरच राहिली. मोठ्या सिस्टरांनी ती मागून धरली होती.

"यांनी काय केलंय?" त्यांनी विचारलं.

म्हातारा डोळे मिटून उभा होता, मान खांद्यांत ओढून, मार पडायची वाट बघत. जेमतेम चाळीस किलोचा असेल.

सिस्टर म्हणाल्या, "तळमजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. इथल्या माणसांसाठीच. उद्या जा."

"मी वेडा नाही."

"तिथे वेडे येत नाहीत. मीही जाते." काठी त्यांनी नेली. मुकादमाने तासाभरात दुसरी दिली.

११ जून

सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस फाटकापाशी आला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मास्क, टोपी. डाव्या हाताच्या नखांत पांढरा रंग अजून होता, त्यावरून ओळखलं.

त्याने मला ओळखलं नाही. आम्ही सगळे सारखेच दिसतो, टोपी आणि डोळे.

"भाऊ, गेलेल्यांचं सामान कुठे मिळतं?"

मी त्याला बाजूच्या खिडकीकडे नेलं. तिथे अर्ज भरावा लागतो. त्याने प्लास्टर दाखवलं. "तेवढं लिहून देता का? डाव्याने जमत नाही अजून." मी त्याच्या आईचं नाव लिहिलं. वय एकाहत्तर. नातं: मुलगा. अक्षर नीट येईना माझं.

पिशवी मिळाली. एक शाल, सपाता, कंगवा. त्याने कंगवा उलटसुलट करून बघितला. "हा तिचा नाही," म्हणाला. पण ठेवून घेतला.

जाता जाता थांबला. "इथे मे महिन्यात एक वॉचमन असायचा. आज नाही का तो?"

"काय काम होतं?"

"काम असं नाही. त्याला एकदा सांगायचं होतं, माझ्याकडे चाकू नव्हता. मला प्लास्टर घालत होते तिथे सगळे बोलत होते, एक मुलगा चाकू घेऊन घुसला म्हणून. आईला ऐकू चांगलं यायचं. तिच्या कानावर गेलं असेल का, एवढाच विचार येतो डोक्यात. तेच ऐकून गेली असेल का."

मला वाटतं मी त्याला जाऊ देऊ शकलो असतो. पायरी उतरतच होता तो. मी मास्क काढला. टोपी काढली. "मीच तो," म्हटलं.

त्याने पिशवी खाली ठेवली, हळूच, आत काचेचं काही असल्यासारखी, आणि गळ्यातून प्लास्टरचा हात काढून माझ्या तोंडावर आणला. माझ्या गालाचं हाड वाजलं, पण ओरडला तो. न जुळलेलं हाड होतं त्याचं. तरी दुसऱ्यांदा मारला. प्लास्टर चिरलं. तिसऱ्यांदा मारला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या नाकातून रक्त. मी हात खाली ठेवले होते. नवा जोडीदार काठी घेऊन धावत आला, त्याला मी अडवलं. आज अडवायचं ते एवढंच अडवलं.

मग तो पायरीवर बसला. मीही बसलो.

"चाकू नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला तेव्हाही माहीत होतं. खिशातून चष्म्याची काडी दिसत होती."

हे मी पहिल्यांदाच बोललो. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मागे जाऊन सतरा मेचं पान वाचलं आत्ता. तिथे चष्मा हा शब्दच नाही.

१२ जून

सकाळी नोंदवहीत सतरा मेच्या खाली लिहिलं: चाकू नव्हता. माणूस हात वर करून उभा होता. मी मारलं. सही. मुकादम म्हणाला, "डोकं फिरलंय का? नोकरी जाईल, वर पोलीस." मी तोच मजकूर वेगळ्या कागदावर लिहून पोलीस चौकीत दिला. हवालदाराने दोनदा विचारलं की तक्रारदार कोण आणि आरोपी कोण.

नोकरी दुपारी गेली.

१४ जून

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, बायकोला द्या. तिने घेतला.

"बोला," म्हणाली.

मी पंधरा मिनिटं बोललो. रंगाऱ्याचं, म्हाताऱ्याचं, सगळं. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी तू पडलीस..."

"मी पडले नाही." हा तिचा खरा आवाज. किती दिवसांनी ऐकला. "तुम्ही मारलंत. मुठीने, दोनदा. माझे पुढचे दोन दात अजून हलताहेत. जेवताना प्रत्येक घासाला मला आठवतं. भावाला मी खोटं सांगितलंय. आता खरं तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

तिने फोन त्याच्याकडे दिला. मी सांगितलं. म्हटलं, मी मुठीने मारलं, दोनदा. मग मेहुणा म्हणाला, "इकडे पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन."

माझ्या खांद्यालाही लागत नाही तो. पण मी "बरं" म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

नंतर बायकोचा निरोप आला: तिचं काम घरून चालतं, घर तिला आणि मुलीला हवं. मी निघावं.

१८ जून

मामाकडे राहायला आलो. एक खोली, दोन खाटा. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून मामा चहा करत होता, अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. म्हणाला, "माझा एक, तुमचे दोन. तीन डोळ्यांत दोघांचं भागेल." मी त्याची त्या दोन मिनिटांबद्दल माफी मागितली. "कसली दोन मिनिटं?" तो म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं मी पाणी प्यायला गेलो होतो.

इस्पितळात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. सिस्टरांनी चिठ्ठी दिली होती, म्हणून नोकरी गेलेली असूनही घेतलं. बाहेर बाकावर रांग. शववाहिकेचा चालक होता. चौथ्या मजल्यावरची झाडूवाली होती, ती सतत हात पुसत होती. माझ्यापुढे ती नवी डॉक्टर मुलगी. तळव्यावर जाड, लाल व्रण. तिने मला ओळखलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नसतात तर..." मला ते पुढे ऐकवेना. मी तिला म्हटलं, बाई, तुमचा नंबर आला.

आत मला विचारलं, पहिल्यांदा मारलं तेव्हा कसं वाटलं? म्हटलं, बरं वाटलं. एवढं सांगून रडायला लागलो ते वेळ संपेपर्यंत.

२९ जून

पोलिसांनी रंगाऱ्याचा जबाब घेतलाय. तारीख पडेल तेव्हा मी उभा राहीन.

मनाचे डॉक्टर आणि बायको यांचं ठरलं: आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, मी भिंगरीशी फोनवर बोलायचं. बायको शेजारी बसणार. भिंगरीने ठेवला तर ठेवला, परत करायचा नाही. कालचा पहिला रविवार. सकाळी नऊपासून मी दाढी करून बसलो होतो, जणू तिला दिसणार आहे.

फोन लागला. मी तिला आधी बोलू दिलं, घाबरवायला नको म्हणून.

मग ती म्हणाली, "बाबा, आज तू कुणाला मारलंस?"

जेवलास का, असं विचारावं तसं विचारलं.

"आज नाही," मी म्हटलं.

"काल?"

"काल पण नाही."

"मागच्या रविवारी?"

"नाही."

"त्याच्या मागच्या?"

ती एकेक आठवडा मागे जात होती. कुठे पोचणार ते मला दिसत होतं. मामा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता. फोन ठेवावा, आवाज तुटतोय म्हणावं, असं सगळं मनात येऊन गेलं.

"आणि एक तारखेला?"

"हो," मी म्हटलं. "आईला मारलं."

"मला माहीत आहे," भिंगरी म्हणाली. "मी पलंगाखाली होते. मला सगळं दिसत होतं."

फोन तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.